वाहून आलेल्या लाकडावर ऑर्किड : बांधण्याआधी लाकूड कसे तयार करावे?

अक्कलकुवा तालुक्यातील काठी, मोलगी या भागाच्या उत्तरेला सातपुड्याचे डोंगर नर्मदेकडे उतरत जातात. पावसाळ्यात डोंगरातले नाले भरून वाहतात आणि वाटेतली पडकी झाडे, खुंट, मुळ्या, फांद्या खाली नेतात. मणिबेलीसारखी नर्मदाकाठची गावे आता सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या काठावर आहेत. या जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर असून सप्टेंबर २०१९ मध्ये तो पहिल्यांदा तेवढा भरला. पावसाळ्याच्या शेवटी पाणी वर चढते, नंतर हळूहळू उतरत जाते. उतरलेल्या काठावर गाळात रुतलेले, उन्हाने पांढरे पडलेले लाकूड मागे राहते.

शहरातल्या रोपवाटिकांमध्ये अशा वेड्यावाकड्या लाकडावर बसवलेली ऑर्किड विकायला असतात. ती पाहून आलेले तरुण शेतकरी विचारतात, "सर, आपल्याकडे लाकूड पडलेच आहे, त्यावर ऑर्किड बांधून विकता येईल का?" येईल. पण काठावरून उचललेल्या दहा तुकड्यांपैकी फार तर दोन-तीन कामाचे निघतात, आणि तेही त्याच आठवड्यात रोप बांधले तर वाया जातात. ऑर्किडची मुळे लाकडाला एकदा चिकटली की ती न तोडता सोडवता येत नाहीत. रोप दहा वर्षे जगणारे आणि लाकूड दोन पावसाळ्यांत भुसा होणारे, असा जोड जमला तर तिसऱ्या वर्षी रोप मुळे तुटून खाली येते. म्हणून या कामात रोपापेक्षा लाकडावर जास्त वेळ द्यावा लागतो. होळीला लाकूड गोळा केले तर मृगाला रोप बांधायचे, एवढे अंतर धरून चालावे.

मुळांना लाकडाकडून काय हवे असते?

आंब्यावर, मोहावर वाढणारे ऑर्किड आणि बांडगूळ यांत अजूनही गल्लत होते. बांडगूळ झाडाच्या फांदीत आपली मुळी घुसवून त्यातले पाणी व अन्नद्रव्ये ओढते, त्यामुळे फांदी वाळते. ते काढलेच पाहिजे. ऑर्किड मात्र फांदीवर फक्त बसते. त्याची मुळे सालीवर पसरतात, आत शिरत नाहीत. बाग साफ करताना दोन्ही एकाच कोयत्याने उतरवली जातात, हे मला दरवर्षी कुठे ना कुठे दिसते. ओळखायला सोपी खूण म्हणजे बांडगुळाचा सांधा फांदीत मुरलेला, गाठीसारखा फुगलेला असतो. ऑर्किडची मुळे पांढरट, दोरीसारखी, वरूनच चिकटलेली असतात.

हा पांढरट रंग मुळावरच्या स्पंजासारख्या थराचा असतो. त्याला व्हेलामेन म्हणतात. तो मृत पेशींचा बनलेला असून पावसाचे पाणी क्षणात शोषून घेतो. भिजला की पारदर्शक होतो आणि आतला हिरवा भाग दिसू लागतो. पाणी दिल्यावर मुळे हिरवी झाली तर ती जिवंत आहेत, ही साधी तपासणी लक्षात ठेवावी.

लाकडाची तयारी का करायची, याचे उत्तर याच थरात आहे. पहिल्या पावसाचे पाणी फांदीवरून ओघळताना त्यात विरघळलेली थोडीशी अन्नद्रव्ये हा थर पकडून ठेवतो, आणि त्याच ताकदीने तो लाकडातून बाहेर पडणारे क्षार, जळके ऑईल किंवा कीटकनाशकाचा अंशही पकडतो. मातीतल्या पिकाला माती थोडे सांभाळून घेते. इथे मूळ आणि लाकूड यांच्यामध्ये दुसरे काहीच नसते. शिवाय मुळांना हवा लागते. दोन पाण्यांच्या मधे लाकडाचा पृष्ठभाग सुकला पाहिजे. कुजके लाकूड सतत ओले राहते आणि मुळांनाही कुजवते.

कोणते लाकूड उचलावे?

पाण्याखाली पूर्ण बुडालेले लाकूड सहसा लवकर कुजत नाही. कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा हवा, तशी हवाही हवी, आणि पाण्याखाली ती मिळत नाही. कुज होते ती पाणी चढते-उतरते त्या पट्ट्यात. जलाशयाच्या काठावर अर्धवट बुडून उभे राहिलेले वाळके झाड पाहा. बुंधा भक्कम असतो आणि पाण्याच्या रेषेजवळ लाकूड खाल्ल्यासारखे झालेले असते. म्हणून अखंड ओंडका दिसला तरी त्याची दोन्ही टोके आणि मधला भाग वेगवेगळा तपासावा.

तपासणीला पेचकस पुरतो. लाकडावर दाबून पाहावे. टोक सहज आत गेले, किंवा नखाने दाबल्यावर लाकूड पिठासारखे सुटले, तर तो भाग तोडून टाकावा. दगडाने ठोकल्यावर टणक आवाज आला पाहिजे. भदभद आवाज आला तर आत पोकळ आहे. बारीक गोल छिद्रे आणि त्यातून पडणारा मऊ भुसा म्हणजे आत भुंगा आहे. छिद्रे जुनी आणि रिकामी असतील तर हरकत नाही, उलट मुळांना पकड मिळते. ताजा भुसा पडत असेल तर तुकडा घरात आणू नये.

यानंतर लाकूड कशाचे, हा प्रश्न. बऱ्याच झाडांच्या खोडात बाहेरचे फिके लाकूड आणि आतला गडद गाभा असतो. बाहेरच्या भागात साखर-स्टार्च राहिलेले असतात, म्हणून भुंगा, वाळवी आणि बुरशी आधी तिथेच लागतात. गाभ्यात झाडाने स्वतःच साठवलेली तेले, टॅनिन यांसारखी द्रव्ये असतात आणि तीच लाकूड टिकवतात. भारतीय मानकांत लाकडाच्या नैसर्गिक टिकाऊपणाचे तीन वर्ग केले आहेत. तुकडे जमिनीत अर्धवट पुरून किती महिने टिकतात ते पाहायचे. सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकले तर पहिला वर्ग, ६० ते १२० महिने दुसरा आणि ६० महिन्यांच्या आत संपले तर तिसरा. सागाचा गाभा पहिल्या वर्गात येतो. आंबा आणि काटेसावर तिसऱ्यात. हवेत टांगलेले लाकूड जमिनीत पुरलेल्यापेक्षा जास्त टिकते हे खरे, पण ऑर्किडच्या लाकडाला रोज पाणी द्यायचे असते, त्यामुळे हा क्रम इथेही उपयोगी पडतो.

आपल्या भागात साग, खैर, अंजन, शिसम यांचा गाभा उत्तम. थायलंडमध्ये वांदा ऑर्किड सागाच्या पट्ट्यांच्या उघड्या टोपल्यांत वाढवतात, ते याच कारणाने. जुन्या बाभळीचा गाभाही चालतो, मात्र त्यातून तपकिरी पाणी बराच काळ निघते. सालई, मोई, पांगारा, काटेसावर, पळस हे हलके लाकूड दिसायला कितीही देखणे असले तरी सोडून द्यावे. आंब्याच्या फांदीवर जिवंतपणी ऑर्किड छान वाढते, पण मेलेली आंब्याची फांदी लवकर भुसभुशीत होते. लोक नेमके इथेच फसतात.

वर्षानुवर्षे पाण्यात घासलेल्या लाकडाची जात ओळखणे अवघड असते. तेव्हा वजन आणि रंग पाहावा. पूर्ण वाळल्यावरही हाताला जड लागते, कापल्यावर आत गडद आहे आणि करवतीखाली बारीक, कोरडा भुसा पडतो, असे लाकूड घ्यावे. मुळ्यांचे गुंते आणि फांदी फुटते तिथली गाठ हे भाग सर्वांत चांगले. तिथे लाकडाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, ते सहज चिरत नाहीत, आणि रोपाची मुळे धरायला खाचाही असतात.

एक सावधगिरी. बिब्ब्याचे झाड सातपुड्यात सगळीकडे आहे. त्याचा चीक अंगाला लागला की फोड येतात. लाकडावर काळा, डांबरासारखा डाग किंवा चीक दिसला तर ते उचलू नये, उकळू तर मुळीच नये. काठावरचा ढीग हलवताना विंचू निघतात, साप असू शकतो. आधी काठीने हलवून मगच हात घालावा.

उचलण्याआधी परवानगी

"वाहून आलेले लाकूड कोणाचेच नाही" असा समज सर्वत्र आहे. कायदा तसे म्हणत नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये वाहत आलेल्या लाकडासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील कलम ४५ प्रमाणे वाहत आलेले, काठाला लागलेले, अडकलेले किंवा बुडालेले इमारती लाकूड, कोणी आपला हक्क सिद्ध करीपर्यंत, सरकारची मालमत्ता मानले जाते. आणि या कायद्यात इमारती लाकडाची व्याख्या व्यापक आहे. पडलेले झाड, तोडलेले किंवा कोरलेले लाकूड, सगळे त्यात बसते. सागाचा ओंडका गाडीत घालून निघालात आणि वाटेत अडवले, तर "नदीतून आला" हे उत्तर पुरत नाही.

दुसऱ्या बाजूला वनहक्क कायदा, २००६ आहे. त्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, मेण, तेंदूपाने, औषधी वनस्पती यांच्याबरोबर झुडपी लाकूड आणि खुंट यांचाही उल्लेख आहे. परंपरेने गोळा होत असलेल्या गौण वनोपजावर मालकी, ते गोळा करणे, वापरणे आणि विकणे हा हक्क या कायद्याने दिला आहे. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत, तिथे ग्रामसभा याबाबत निर्णय घेऊ शकते. ऑर्किडसाठी आपल्याला ओंडका नकोच आहे, हातभर लांबीचे खुंट, मुळ्या आणि गाठी पुरतात, हे इथे सोयीचे ठरते.

माझा सल्ला असा की विक्रीचा विचार असेल तर आधी ग्रामसभेत विषय मांडावा, ठरावात 'खुंट, मुळ्या व झुडपी लाकूड' असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि वनरक्षकाला ते दाखवून पुढे जावे. जलाशयाच्या काठची जमीन संपादित असते, तिथून उचलण्याआधी विचारणे आणखी गरजेचे. परवानगीचा घोळ नको असेल तर स्वतःच्या शेतातले जुने खुंट आणि बांधावरच्या झाडाच्या उघड्या पडलेल्या वाळक्या मुळ्याही चालतात. सागाच्या बाबतीत मात्र शेतातला खुंट असला तरी वाहतुकीचे नियम विचारून घ्यावेत.

धुणे आणि सुकवणे

लाकूड आणल्यावर पहिले काम गाळ काढणे. तारेच्या ब्रशने आणि पाण्याच्या धारेने खाचांतला सगळा गाळ काढावा. नर्मदेचा गाळ बारीक असतो. तो खाचेत राहिला तर नंतर ओलावा धरतो आणि नेमका मुळांच्या जागी चिखल होतो. सुटणारी साल काढून टाकावी. घट्ट साल ठेवायला हरकत नाही, पण वाहून आलेल्या लाकडावर ती क्वचितच राहते. कुजका भाग पटाशीने टणक लाकूड लागेपर्यंत कोरून काढावा. यात तुकडा अर्धा झाला तरी चालेल. वाळलेले लाकूड घासताना तोंडाला रुमाल बांधावा.

नंतर सुकवणे. जलाशयातून नुकतेच काढलेले लाकूड पाण्याने भरलेले असते. ते फाल्गुन-चैत्राच्या उन्हात तसेच टाकले तर बाहेरचा भाग आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि लाकूड उभे तडकते. म्हणून पहिले तीन-चार आठवडे सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, विटांवर किंवा बांबूच्या मांडवावर ठेवावे. खालून वारा फिरला पाहिजे. जमिनीला टेकलेल्या लाकडाला वाळवी लागायला एक रात्र पुरते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली गेला की कुजवणारी बुरशी वाढत नाही. ओलावा मोजायचे यंत्र नसले तरी ताणकाटा असतो. दर आठवड्याला वजन करून खडूने लाकडावरच लिहावे. लागोपाठ दोन आठवडे वजन सारखे आले की लाकूड सुकले.

मग ऊन द्यावे. पत्र्यावर तुकडे मांडून वरून पारदर्शक प्लास्टिक घट्ट लावायचे, कडा मातीने दाबायच्या, पंधरा दिवस ठेवायचे. एप्रिल-मेच्या उन्हात आतली उष्णता पृष्ठभागावरच्या अळ्या, अंडी, मुंग्या यांचा बंदोबस्त करते. जाड लाकडाच्या गाभ्यापर्यंत ती पोहोचेलच असे नाही, त्यामुळे केवळ यावर थांबू नये.

उकळणे

लाकडी खोक्यांतून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय व्यापारात एक नियम आहे. लाकडाच्या गाभ्याचे तापमान सलग ३० मिनिटे किमान ५६ अंश सेल्सिअस राहिले पाहिजे. आपल्याला यंत्र नको, उकळते पाणी पुरते. प्रश्न फक्त उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचायला लागणाऱ्या वेळेचा असतो. मनगटाएवढ्या जाडीच्या तुकड्याला तासभर, मांडीएवढ्या जाडीला तीन तास धरावेत. वेळ मोजायची ती लाकूड टाकल्यावर पाणी पुन्हा उकळू लागल्यापासून. तरंगणारा तुकडा वर दगड ठेवून दाबावा, नाहीतर अर्धा भाग कोराच राहतो.

भांडे स्वयंपाकाचे नको. २०० लिटरचा लोखंडी ड्रम आडवा कापून घेतला तर मोठे तुकडेही मावतात. मात्र त्यात पूर्वी कीटकनाशक किंवा ऑईल नव्हते याची खात्री हवी. जळणाला निवडीत बाद झालेले लाकूड वापरता येते. नदीचे लाकूड जाळायला हरकत नाही. काळ्या चिकाचे मात्र चुलीतही घालू नये, धुराचाही त्रास होतो.

उकळण्याने दुसरे काम होते ते रंगाचे. पहिले पाणी कोऱ्या चहासारखे निघते. खैर, बाभूळ असेल तर आणखी गडद. हे टॅनिन थोडे राहिले तर रोपाला फारसा धोका नसतो, पण ते अंगण आणि भिंत डागाळते आणि ग्राहक तक्रार करतो. पाणी बदलून दोन-तीन वेळा उकळावे, नंतर आठवडाभर साध्या पाण्यात बुडवून रोज पाणी बदलावे.

ज्यांना उकळणे शक्य नाही ते घरगुती ब्लीच वापरतात. ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण १ भाग, पाणी ९ भाग, अर्धा तास बुडवणे, मग दोन-तीन दिवस पाणी बदलत धुणे आणि उन्हात वास जाईपर्यंत ठेवणे. ब्लीच लाकडाच्या आत फारसे जात नाही आणि गाळ, कुजका भाग असेल तर त्याची ताकद तिथेच संपते. म्हणून मी उकळण्यालाच पसंती देतो. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही ॲसिड किंवा संडास साफ करायचे द्रव मिसळू नये, विषारी वायू तयार होतो.

शेवटी परीक्षेचा आठवडा. तयार लाकूड सावलीत टांगावे आणि रोप लावल्यासारखे रोज दोन वेळा पाणी मारावे. आठ-दहा दिवसांत पांढरी जाळी पसरली, छत्र्या उगवल्या किंवा कुठे लाकूड मऊ पडले, तर आत कुज शिल्लक आहे. तो भाग कोरून पुन्हा उकळावा किंवा तुकडा बाद करावा. काहीच झाले नाही तर लाकूड तयार. ही परीक्षा बहुतेक जण गाळतात. मी ती कधीच गाळू देत नाही, कारण रोप बांधल्यावर ही बुरशी दिसली तर करण्यासारखे फार थोडे उरते.

समुद्रकाठचे लाकूड असेल तर

कोकणातले वाचक खाडीतून, किनाऱ्यावरून लाकूड आणतात. तिथे कुजीपेक्षा मीठ मोठा शत्रू. लाकूड गोड्या पाण्यात बुडवून ठेवावे, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे आणि ईसी मीटरने मोजावे. मी पाळतो तो नियम सोपा आहे. साध्या पाण्याचा ईसी आणि २४ तास लाकूड बुडवलेल्या पाण्याचा ईसी यांत ०.१ पेक्षा कमी फरक राहिला की मीठ निघाले. जाड तुकड्याला यासाठी काही महिनेही लागतात. मोकळ्यावर ठेवून एक अख्खा पावसाळा खाऊ दिला तर हेच काम फुकटात होते. समुद्राचे लाकूड जळणाला मात्र वापरू नये. मीठ मुरलेल्या लाकडाच्या धुरात विषारी क्लोरीनयुक्त संयुगे तयार होतात. होडीच्या फळ्या, रंगवलेले किंवा डांबर लावलेले लाकूड पूर्ण टाळावे.

लाकडाला काय लावू नये?

कुंपणाच्या खांबाला वाळवी लागू नये म्हणून आपण जळके ऑईल लावतो. ऑर्किडच्या लाकडाला ते चालत नाही. पाणी मुरत नाही, मुळे धरत नाहीत. क्लोरपायरीफॉससारखी कीटकनाशकेही नकोत. रोपाला धोका आहेच, शिवाय हे लाकूड कोणाच्या तरी खिडकीत टांगले जाणार आहे, त्याला मुले हात लावणार आहेत. व्हार्निशने लाकूड चकाकते आणि मुळांना धरायला काही उरत नाही.

बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड बहुतेकांच्या घरात असते, म्हणून हे वेगळे सांगतो. तांबे अनेक ऑर्किडच्या कोवळ्या मुळांना, विशेषतः डेंड्रोबियमला, अपायकारक ठरते. लाकडावर ही बुरशीनाशके मारू नयेत आणि रोप बांधायला तांब्याची तारही वापरू नये.

रोपाची बांधणी

नवीन मुळांची हिरवी टोके दिसू लागली की बांधणीची वेळ आली. आपल्याकडे ती पावसाच्या सुरुवातीला येते. जुनी मुळे लाकडाला चिकटत नाहीत, चिकटतात ती नवी. म्हणून हिवाळ्यात बांधलेले रोप महिनोन्‌महिने तसेच लोंबकळत राहते.

आधी लाकडाला वरच्या बाजूने छिद्र पाडून स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेचा आकडा बसवावा. रोप बांधल्यावर छिद्र पाडायला गेले की धक्क्याने मुळे तुटतात. लाकूड ओले झाल्यावर किती जड होते हेही बघून घ्यावे. रोपाची मुळे अर्धा तास पाण्यात ठेवली की लवचीक होतात. ती खाचांच्या दिशेने पसरून, खोडाचा खालचा भाग लाकडाला टेकवून मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने किंवा जुन्या मोज्याच्या पट्टीने बांधावे. रोप अजिबात हलता कामा नये. वाऱ्याने ते डुलत राहिले तर मुळाचे नवे टोक लाकडाला घासून मरते, आणि रोप का लागले नाही याचे कारण शेवटपर्यंत कळत नाही. मुळांखाली नारळाच्या काथ्याची पातळ गादी पुरे, तीही आठवडाभर पाण्यात भिजवून धुतलेली. खोडाभोवती काथ्या गुंडाळू नये. पावसाळ्यात तिथेच कुज सुरू होते.

पहिल्या पावसाळ्यात मुळे लाकडावर चढतात. दोरा वर्षभर तसाच ठेवावा.

लाकडावरचे ऑर्किड कुंडीतल्यापेक्षा खूप लवकर सुकते, आणि नंदुरबारच्या उन्हाळ्यात हा फरक जीवघेणा असतो. मार्च ते मे सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा लाकूड निथळेपर्यंत पाणी द्यावे, ७५ टक्के शेडनेट किंवा आंब्याची दाट सावली असावी. पावसाळ्यात वेगळे पाणी क्वचितच लागते. हिवाळ्यात दिवसातून एकदा, तेही सकाळी. डाबसारख्या उंच भागात थंडीत दव गोठते. तिथे संध्याकाळी ओले ठेवलेले रोप रात्रीत खराब होऊ शकते. खत १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, वाढीच्या काळात. यापेक्षा जास्त दिले तर क्षार लाकडावरच साचतात आणि आपण ते धुण्यात घालवलेले आठवडे वाया जातात. बोअरचे पाणी जड असेल तर पांढरे थर दिसू लागतात. महिन्यातून एकदा तरी साठवलेल्या पावसाच्या पाण्याने लाकूड धुवावे.

रोप कुठून आणावे?

सातपुड्यात आंब्यावर, मोहावर दिसणारी वांदा टेसेलाटा, जिला रास्ना म्हणूनही ओळखतात, आपल्या उष्ण-कोरड्या हवेला सर्वांत सोसणारी. लाकूड आपले, झाडावरचे ऑर्किडही आपलेच, मग विकत कशाला आणायचे, हा विचार मनात येणे साहजिक आहे. तसे करू नये.

ऑर्किडच्या एका बोंडात धुळीसारखे हजारो-लाखो बी असते, पण त्या बियात रुजण्यासाठी साठवलेले अन्न जवळपास नसते. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, त्यामुळे निसर्गात फार थोडी रोपे तयार होतात आणि ती फुलावर यायला अनेक वर्षे घेतात. आंब्यावरचा मोठा झुपका पाच मिनिटांत ओरबाडला जातो, तो परत भरायला एक पिढी लागते. त्यातही ओरबाडलेल्या जुन्या रोपाची बरीच मुळे तुटलेली असतात आणि बांधल्यावर त्यातली अनेक मरतात. व्यवसाय म्हणूनही हा वाईट माल आहे. शिवाय संपूर्ण ऑर्किड कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स कराराखाली येते आणि जंगलातून कोणतीही वनस्पती काढायला वनखात्याचे नियम आहेतच.

ऊतिसंवर्धनाची रोपे व्यावसायिक रोपवाटिकांतून मिळतात. सिक्कीममधील पाकयोंग येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र १९९६ पासून आहे. लागवडीच्या तांत्रिक माहितीसाठी तिथे विचारणा करता येते. सुरुवातीला दहा-पंधरा रोपांपेक्षा जास्त घेऊ नयेत. डेंड्रोबियम किंवा वांदाची रोपे घ्यावीत. फॅलेनोप्सिस दुकानात सर्वांत सुंदर दिसते, पण मोलगीकडची थंडी आणि मेमधले कोरडे वारे तिला मोकळ्यावर सोसत नाहीत. आमचूर, मोहफूल, भगर यांच्या उत्पन्नाची जागा हे काम घेणार नाही, पण लाकूड सुकत असताना फारसे मनुष्यबळ लागत नाही, त्यामुळे इतर कामांच्या मधे ते बसते.

वळवाच्या वादळात ऑर्किड असलेली फांदी मोडून पडते तेव्हा मात्र उचलावे. जमिनीवर पडलेले रोप पावसात कुजते किंवा जनावरांच्या पायाखाली जाते. ते घरी टांगण्यापेक्षा फांदीच्या तुकड्यासकट त्याच किंवा जवळच्या जिवंत आंब्याच्या, मोहाच्या बुंध्याला, उत्तर किंवा पूर्व बाजूने, डोक्याएवढ्या उंचीवर सुतळीने घट्ट बांधावे. आठवडाभर पाऊस नसेल तर संध्याकाळी तांब्याभर पाणी टाकावे. सुतळी कुजून पडेपर्यंत नवी मुळे खोडाला धरलेली असतात.